नवरदेवाच्या लाल झालेल्या हाताबाबत

नाव : झुलाल नथ्थू माळी. वय : ७३ वर्षे, शाळेच्या दाखल्याप्रमाणे, आई दोन वर्षे जास्त सांगत असे. शिक्षण : तिसरीपर्यंत, सही येते. धंदा : शेती, आता घरीच. राहणार : सोनगीर, ता. जि. धुळे.

मी वर लिहिलेला इसम आज दुपारी आपण होऊन ठाण्यात आलो असून कोणी पढवून न देता, समक्ष बसून सांगतो ते असे :

माझ्या घरात मी, पत्नी ताईबाई, मुलगा ज्ञानेश्वर, सून रत्ना व नात पुनम असे राहतो. पुनम हिचे बारावीपर्यंत शिक्षण झाले आहे. धुळे येथे बचत गटाच्या बायकांबरोबर साबणाचे शिक्षण घेऊन ती घरामागच्या पत्र्याच्या खोलीत अंगाचा साबण करते. त्यात खोबरेल, शेंगदाण्याचे तेल, निंबाचा पाला आणि कॉस्टिक सोडा एवढेच असते. तो साबण धुळे, शिरपूर व आमच्या गावात बायका घेतात.

कॉस्टिक सोडा मला माहीत आहे. आमच्या गावात तांब्यापितळेची भांडी करणारे लोक आहेत. त्यांच्याकडे लहानपणी तो पायावर सांडून एका माणसाची कातडी जळालेली मी पाहिली होती. तोच सोडा पोरगी अंगाच्या साबणात घालते हे कळल्यावर मला जेवण गोड लागेना. मी तिला विचारले. ती म्हणाली, तेल आणि सोडा एकमेकांना संपवतात, आणि वड्या महिनाभर फळीवर मुरल्या की सोडा उरत नाही. मी म्हणालो, उरला तर? ती म्हणाली, उरत नाही आबा. मी म्हणालो, पण उरला तर? त्यावर ती उठून आत गेली.

पुनम प्रत्येक खेपेचा साबण पाण्यात कालवून त्यात कागदाची पट्टी बुडवते व पट्टीचा रंग पाहते. माझा त्या पट्टीवर भरवसा नाही, कारण कागदाचे अंग भाजत नाही. म्हणून मी माझी वेगळी रीत ठेवली आहे. मुरलेल्या वडीचा कोपरा सुरीने कापायचा, ओल्या बोटावर चोळायचा आणि ते बोट जिभेच्या टोकाला टेकवायचे. सोडा उरला असेल तर जीभ चटकन ओढली जाते, टॉर्चचा सेल चाटल्यासारखी. नुसती साबणाची कडू चव आली तर पुढे तोच तुकडा कोपराच्या आतल्या बाजूला, जिथे कातडी पातळ असते तिथे, चार-पाच दिवस लावून बघायचा. खाज नाही, चट्टा नाही, मगच साबण घराबाहेर जाईल, असे मी सांगून ठेवले आहे. यावरून घरात मला हसतात. पुनम म्हणते, "आबा, तुम्ही जीभ लाई लाईसन बठ्ठा साबण उष्टा करी टाकतस." मी ते मनावर घेत नाही.

मागच्या उन्हाळ्यात एका खेपेने जीभ ओढली. एका लग्नघरची मागणी होती म्हणून पुनमने वड्या लवकर काढल्या होत्या. मी सगळ्या वड्या चारा ठेवतो त्या माळ्यावर नेऊन झाकून ठेवल्या आणि शिडी काढून घेतली. ती माझ्याशी बोलली नाही. पुढे मी कापलेल्या कोपऱ्याला तिनेच पट्टी लावून पाहिली, पट्टीनेही सोडा दाखवला, आणि महिना भरल्यावर ती शिडी मागायला आली. तेव्हापासून पट्टी आणि जीभ दोन्ही बरोबर बोलल्याशिवाय आमच्या घरचा साबण कोणाच्या अंगाला लागलेला नाही. हे मुद्दाम लिहून घ्यावे.

पुनमचे लग्न पाचोरा येथील प्रेमराज याच्याशी ठरले. त्याचे ट्रॅक्टर दुरुस्तीचे दुकान आहे. त्याचे वडील तो लहान असताना वारले. मोठे काका भाईदास यांनी त्याला वाढवले, म्हणून लग्नात बापाच्या जागी तेच आहेत. भाईदासनाना बोलायला कडक आहेत. मुलगी पाहायला आले तेव्हाच म्हणाले होते, "साबण दुकानमा भेटस, घर करानी काय गरज शे?" पण साखरपुडा केला.

साखरपुड्यानंतर पुनमने एक वडी वेगळी बांधून प्रेमराजला पाठवायची ठरवली. ती बांधण्याआधी मी मागून घेतली आणि तिचाही कोपरा कापला. पुनम रागावली. म्हणाली, "नवरदेवले कोपरा कापेल साबण धाडू का?" मी म्हणालो, नवरदेव आहे म्हणूनच कापला. ती वडी माझ्या जिभेवर आणि अंगावर सुखरूप ठरली व मगच पाचोऱ्याला गेली.

आज गोरज मुहूर्तावर हायवेलगतच्या मंगल कार्यालयात लग्न आहे. दोन्हीकडची हळद तिथेच सकाळी होती. आधी नवरदेवाला हळद लागली व त्याची उष्टी हळद आतल्या खोलीत पुनमला नेली. सगळ्या बायका तिकडे गेल्या. नवरदेव बाहेर नळाजवळ पाटावर बसला होता व त्याच्याभोवती नुसते पुरुष होते. मीही तिथेच होतो. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी माझ्याही हाताला व गालाला हळद फासली होती.

आमच्यात हळद लागल्यापासून अक्षता पडेपर्यंत अंगाला साबण लावत नाहीत. त्यामुळे हळदीच्या अंगावर साबण लावला तर काय होते हे आमच्यापैकी कोणी पाहिलेले नव्हते. प्रेमराजचा फोन सारखा वाजत होता. हाताला हळद असल्याने त्याला तो उचलता येईना. त्याने पिशवीतून पुनमने दिलेली वडी काढली. नवरदेवाने हातातली सुरी खाली ठेवायची नसते, म्हणून त्याने ती काखेत धरली आणि डाव्या हाताला कोपरापर्यंत साबण चोळला. भाईदासनाना तांब्याने पाणी घालत होते.

पाहता पाहता त्याचा हात लाल झाला. फेसही लाल झाला. कुंकू कालवल्यासारखा गडद लाल, हे मी डोळ्यांनी पाहिले. भाईदासनानांच्या हातून तांब्या खाली पडला. ते ओरडले, "पोऱ्या जळी गया!" प्रेमराज म्हणाला, नाना, मला काही होत नाही. त्यावर कोणी लक्ष दिले नाही. एक जण म्हणाला, कातडी मेली की कळत नाही. दुसरा म्हणाला, भाजल्यावर पाणी लावू नका, फोड येतात. म्हणून हात धुवू दिला नाही व फेस तसाच अंगावर वाळला. भाईदासनानांनी वडी रुमालात बांधली, प्रेमराजला जीपमध्ये बसवले आणि म्हणाले, "आधी ठाणामा नोंद, मंग दवाखाना. आणि हाई लगीन आते व्हत नही."

जीप गेल्यावर मी कोणाला काही न सांगता एकाच्या मोटारसायकलवर मागे बसून ठाण्यात आलो. चपला मंडपातच राहिल्या.

मी आलो तेव्हा भाईदासनाना ठाणे अंमलदार साहेबांसमोर उभे राहून सांगत होते की, घरी केलेल्या, कोणी न तपासलेल्या साबणाने पुतण्याचा हात जाळला असून मुलगी व तिच्या घरच्यांवर गुन्हा नोंदवावा. साहेबांनी प्रेमराजची सुरी काढून टेबलावर ठेवायला लावली होती, कारण ठाण्यात हत्यार आणता येत नाही. साहेबांनी प्रेमराजला विचारले, "जळजळ होतेय का?" तो म्हणाला, "नाही साहेब." भाईदासनाना म्हणाले, "तो लाजस." साहेब म्हणाले, "मग आधी दवाखान्यात का नाही नेलंत?" भाईदासनाना म्हणाले, "तढलोंग साबण गायब व्हई जाई."

साहेबांनी विचारले, हा साबण कोणी तपासला होता काय? मी दारातून म्हणालो, मी. साहेब म्हणाले, "आबा, तुम्ही कोण? बसा आधी. पाणी प्या." मी बसलो नाही. मी म्हणालो, मी मुलीचा आजोबा. साबण मी तपासला. गुन्हा लिहायचा असेल तर माझ्या नावावर लिहा, पोरीचे नाव कागदावर आणू नका, तिला आज हळद लागली आहे.

साहेबांनी रुमाल सोडून वडी दाखवली. कापलेला कोपरा पाहून मी ती ओळखली. साहेबांनी कोपऱ्याचे कारण विचारले, ते मी सांगितले. भाईदासनाना म्हणाले, "आयका. चाकूवरी कापीसन जीभवरी चाखस. याले तपासनी म्हणतस." ठाण्यातले दोघे-तिघे हसले. मी साहेबांच्या परवानगीने बोट ओले केले, वडीवर घासले आणि जिभेला लावले. जीभ ओढली गेली नाही. नंतर धोतराने पुसून काढलेल्या कोपराच्या आतल्या बाजूला साबण चोळला. तिथे हळद नव्हती. काही झाले नाही. मी साहेबांना म्हणालो, बघा. पण साहेबांनी प्रेमराजच्या हाताकडे बोट दाखवले आणि विचारले, मग हे काय आहे? माझी जीभ खोटे बोलत नव्हती आणि त्याचा हातही खोटे बोलत नव्हता. मी भिंतीला टेकून उभा राहिलो. त्या वेळी माझ्या मनात काय आले ते मी सांगत नाही, त्याची या कामी जरूर नाही.

एवढ्यात माझी पत्नी ताईबाई रिक्षाने आली. मी दाबाची गोळी न घेता निघून आलो म्हणून ती गोळी घेऊन आली होती. तिच्याबरोबर पुनम होती. हळद लागलेल्या नवरीने मंडप सोडायचा नसतो, पण ती कोणाचे ऐकून थांबली नाही. अंतरपाट धरण्याआधी नवरदेवाचे तोंड पाहायचे नाही म्हणून ती आत न येता दाराबाहेर भिंतीआड उभी राहिली आणि तिथूनच म्हणाली, "आबा, तुम्हले कोणी बोलनं का?" मी म्हणालो, नाही.

ताईबाईने मला आधी गोळी दिली. मग प्रेमराजचा हात पाहिला. हात उलटा केला, सुलटा केला, नाकाजवळ नेला. मग तिने विचारले, "हाई काय शे?" भाईदासनाना म्हणाले, तुमच्या नातीच्या साबणाने भाजला आहे. ताईबाईने खोलीत उभ्या असलेल्या सगळ्यांकडे एकेक करून पाहिले. ती म्हणाली, "तुम्हनामा कोणी जलममा धोतर धोयेल शे का?"

सगळे आपापल्या कपड्यांकडे पाहू लागले. साहेबांनीही आपल्या गणवेशाकडे पाहिले.

ती म्हणाली, "हळदना डागले साबण लागना का तो लालच व्हस. कोणताबी साबण राहू द्या. दर लग्नले आम्ही बाया डोकं फोडतस त्या डागवर." बाहेरून पुनम म्हणाली, "मोठी माय, लिंबू पिळ. लिंबूनं परत पिवळं व्हई जाई." साहेब म्हणाले, भाजलेली जागा लिंबाने पिवळी होणार नाही, एवढे मलाही कळते. लिंबू आणा.

ठाण्यात लिंबू नव्हते. मग सगळ्यांचे लक्ष टेबलाकडे गेले. नवरदेवाच्या सुरीच्या टोकाला लिंबू टोचलेले असते, तसे ते होते. भाईदासनानांनी सुरीवर हात ठेवला. ते म्हणाले, नजर लागू नये म्हणून ते लिंबू असते, अक्षता पडेपर्यंत ते काढता येणार नाही, प्रेमराजच्या बापाच्या लग्नात ते वाटेत पडले होते. हे बोलताना त्यांचा आवाज कडक नव्हता. ते इतके का घाबरले होते ते मला तेव्हा समजले. प्रेमराजने त्यांचा हात हळूच बाजूला केला आणि म्हणाला, "नाना, जी नजर लागनी व्हती ती लागी गयी. आते काढा." भाईदासनानांनी स्वतः लिंबू काढून ताईबाईच्या हातात दिले.

ताईबाईने लिंबू कापून त्याच्या मनगटावर पिळले. रस जिथून ओघळला तिथे लालावर पिवळी रेघ उमटली. तिने अंगठ्याने रस पसरवला तसा हात कोपरापर्यंत पिवळा होत गेला. मग साहेबांनी पाण्याचा जग मागवला व हात धुवायला लावला. खाली कातडी जशीच्या तशी होती. फोड नाही, ओरखडा नाही, मनगटावरचे केसही जागेवर होते. प्रेमराज म्हणाला, "मी पहिल्यापासून हेच सांगतोय." साहेब त्याला म्हणाले, "नवरदेवाचं आज कोण ऐकतं?"

मला तेवढ्यावर समाधान झाले नाही. मी म्हणालो, ठाण्याचा साबण आणा. हात धुवायच्या जागेवरची, दुकानातून आणलेली, कंपनीची वडी आणली. माझ्या हळदीच्या हाताला ती चोळली. हात लाल झाला, प्रेमराजचा झाला होता तसाच. साहेबांना हसू आवरेना. ताईबाईने माझ्या गालावरची ओली हळद बोटावर घेतली आणि साहेबांच्या मनगटाला लावली. म्हणाली, "लग्नाची हळद आहे साहेब, नाही म्हणू नका." साहेबांनी आधी ठाण्याचा साबण लावून पाहिला, नंतर पुसून, पुन्हा हळद घेऊन पुनमचा. दोन्ही वेळा लाल. ठाण्यातले दुसरे कर्मचारीही हात पुढे करू लागले, तेव्हा साहेबांनी त्यांना कामाला जायला सांगितले.

शेवटी भाईदासनाना पुढे आले. त्यांनी पुनमची वडी उचलली, नळावर गेले आणि त्या साबणाने तोंड, मान व दोन्ही हात धुतले. बराच वेळ धुतले. परत आले तेव्हा त्यांच्या मिशीला फेस होता. ते म्हणाले, "चांगला शे. कातडी ओढत नही." दाराबाहेरून पुनमचे हसणे ऐकू आले. ठाण्यात नवरी हसलेली मी पहिल्यांदाच ऐकली.

प्रेमराजला खबरदारी म्हणून सरकारी दवाखान्यात पाठवले होते. तेथे त्याला काहीही इजा नसल्याचे सांगितले. भाईदासनानांनी तक्रार मागे घेतली आहे. समोरच्या रसवंतीवरून दुसरे लिंबू आणून त्यांनी स्वतः सुरीला टोचले व सुरी नवरदेवाला परत मिळाली.

साहेब मला म्हणाले, "आबा, विषय संपला. आता जबाबाची गरज नाही, मंडपात जा." भाईदासनानाही म्हणाले, "व्याही, कागद कसाले? घरना घर बात मिटनी." पण मी गेलो नाही. मी म्हणालो, सकाळी जे वीस जणांनी ऐकले ते दोघांनी आपसात मिटवून मिटत नाही. उद्या पाचोऱ्यात कोणी म्हणेल, ही तीच, जिने नवरदेवाला भाजले. त्यासाठी सरकारी कागदावर हे राहिले पाहिजे. साहेबांनी घड्याळ पाहिले, पण कागद ओढून घेतला. त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

लिहिणे चालू असताना भाईदासनाना खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले. त्यांनी सांगितले की, हेही लिहा : पुनमचा साबण अंगाला निर्धोक आहे, तो मी स्वतः लावला आहे, आणि पाचोऱ्याला घराच्या मागे जी मोकळी पडवी आहे ती तिला साबण करायला देत आहे. हे त्यांनी न विचारता सांगितले, म्हणून लिहून घेतले आहे. मी त्यांना विचारले, तिथे तपासणार कोण? पट्टीवर भागणार नाही. तेव्हा दवाखान्यातून परत येऊन दारात उभा असलेला प्रेमराज म्हणाला, "आबा, आते जीभ मी लावसू." मी त्याला रीत दोनदा सांगितली. त्याने एकदा म्हणून दाखवली. बोट ओले करायला विसरला, ते मी सुधारले.

माझी भाईदासनाना किंवा इतर कोणाविरुद्ध काहीही तक्रार नाही.

वरील मजकूर साहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मी तो दुसऱ्यांदा वाचायला लावला. दोन्ही वेळा तो मी सांगितला तसाच निघाला. बाहेर बँडवाले आले असून दोन्हीकडची माणसे मला न्यायला थांबली आहेत, म्हणून सही उभ्यानेच करत आहे. सहीशेजारी जो पिवळा डाग पडला आहे तो माझ्या अंगठ्याच्या हळदीचा आहे. ती खाडाखोड समजू नये.

(सही)
झुलाल नथ्थू माळी